ब्लॅक बन आणि पायगुण

२६ डिसेंबर, एडिनबरा

बॅगेत तीन किलो बेदाणा होता. दोन किलो हिरवा, एक किलो काळा, आमच्याच शेडवर गेल्या मार्चमध्ये वाळवलेला. माझ्या भाच्याच्या स्कॉटिश सासूबाईंनी, म्हणजे ताईच्या विहीणबाईंनी, मागं एकदा फोनवर विचारलं होतं, "तुमच्याकडे द्राक्षं वाळवतात म्हणे, ती चवीला कशी लागतात?" ते माझ्या मनात राहिलं होतं. ऑक्टोबर छाटणीनंतरची बाग डिसेंबरात तान्ह्या लेकरासारखी असते. ढग आले की डावणीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची, धास्ती, की निघाले फवारणीला. त्यामुळं ह्यांना तासगाव सोडता आलं नाही आणि मी एकटीच आले.

दुपारी पावणेचारला सूर्य मावळला. भाचा लीथ भागात राहतो, तिथं पोचेपर्यंत मिट्ट काळोख. सूनबाईनं चहाबरोबर शॉर्टब्रेड दिलं. आपली नानकटाई आठवावी असं, पण जास्त लोण्याचं आणि कमी गोड. मी विचारलं, "तुमचा तो सणाचा केक कुठाय?" ती म्हणाली, "तो आईकडे, डब्यात. नोव्हेंबरच्या शेवटी भाजलाय. एकतीस तारखेच्या रात्रीपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही."

महिनाभर आधी करून ठेवायचा आणि झाकण उघडायचं नाही. आपल्याकडं लोणच्याला असा धीर धरतात, गोडाला नाही.

२७ डिसेंबर, एडिनबरा

सकाळचे पावणेनऊ झाले तेव्हा कुठं उजाडलं. वेव्हर्ली स्टेशनजवळच्या बाल्मोरल हॉटेलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ तीन मिनिटं पुढं असतं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. वर्षातून एकाच रात्री ते बरोबर वेळ दाखवतं, ३१ डिसेंबरला. त्या रात्री बारा वाजण्याची वाट साऱ्या गावाला बघायची असते. अनोळखी शहराबद्दल माया वाटायला मला एवढं पुरलं.

रॉयल माइल या रस्त्यानं उतरत जाताना एका बेकरीत तोच सणाचा केक, ब्लॅक बन, दिसला. नाव बन असलं तरी आपल्या बनमस्क्यातल्या बनशी त्याचं काही नातं नाही. विटेसारखा लांबट, बाहेरून सोनेरी, आणि कापलेल्या बाजूनं काळाभोर. बाहेर पिठाचं पातळ कवच आणि आत ठासून भरलेल्या मनुका, करंट म्हणजे बारीक काळे बेदाणे, बदाम, संत्र्या-लिंबाच्या सालीचा मुरंबा. मैदा फक्त या सगळ्याला धरून ठेवण्यापुरता. मी एक तुकडा घेऊन रस्त्यातच खाल्ला. पहिला घास जड गेला, कवच कोरडं लागलं. मग जिभेच्या मागच्या बाजूला तिखट काहीतरी आलं. मिरी! दालचिनी, सुंठ, ऑलस्पाइस आणि त्यांच्या पाठोपाठ काळी मिरी. तिथून पुढं मी सावकाश खाल्ला.

रस्त्याच्या खालच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा आहे. पूर्वी हा फळांचा केक नाताळानंतरच्या बाराव्या रात्री खायचे आणि त्यात घेवड्याची एक बी लपवलेली असे. ज्याच्या वाट्याला ती बी येई, तो त्या रात्रीचा राजा. १५६४ च्या जानेवारीत स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या दरबारात ही बी तिची सखी मेरी फ्लेमिंग हिला मिळाली. मग तिला राणीसारखी चंदेरी वस्त्रं आणि रत्नं घालून मिरवलं गेलं.

पण तोवर स्कॉटलंडात धर्मसुधारणा झाली होती, १५६० साली. नव्या प्रोटेस्टंट चर्चला नाताळचा थाटमाट मान्य नव्हता. १६४० मध्ये तर तिथल्या संसदेनं नाताळची सुट्टीच कायद्यानं काढून टाकली. कायदा पुढं बदलला, तरी नाताळ मागं पडला तो पडलाच. सणाची सारी हौस लोकांनी वर्षाच्या शेवटच्या दिवसावर नेऊन ठेवली. त्या दिवसाला ते हॉगमने म्हणतात. केकही त्याच्यामागोमाग तिकडं गेला. कायद्यानं सण बंद झाला, पण मनुका भिजवणारे हात थांबले नाहीत, हे मला फार मोठं वाटलं. नाताळला स्कॉटलंडात सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये.

२८ डिसेंबर, डंडी

भाच्याला मी आधीच सांगितलं होतं की डंडीला जायचंच. केक त्या गावाच्या नावाचा, आणि ताग आपल्याकडचा.

गाडी फोर्थच्या लाल पोलादी पुलावरून गेली (१८९० चा पूल आहे तो), मग फाइफची ओली, मोकळी शेतं लागली, आणि तासाभरानं टे नदीचं भलं रुंद पात्र. भाचा म्हणाला, "मावशी, उजवीकडं बघ." पुलाला समांतर, पाण्यातून वर आलेले दगडी बुंधे एका रांगेत उभे होते. आधीचा पूल १८७९ मध्ये याच तारखेला, २८ डिसेंबरच्या संध्याकाळी, वादळात कोसळला. वरून चाललेली गाडी डब्यांसकट नदीत गेली आणि एकही माणूस वाचलं नाही. नववर्षाला तीन दिवस उरलेले. त्या डब्यांत कुणाकुणाच्या पिशव्यांत सणाचं खाणं असणार, असं माझ्या मनात आलं, आणि पूल संपेस्तोवर मी हात जोडूनच बसले होते.

डंडीत बंगालचा ताग यायचा. देवमाशाच्या तेलानं तो मऊ करायचे, आणि त्याचं सूत, पोती, किंतान जगभर जायचं. देवमासे मारणारी जहाजं याच बंदरातली, म्हणून तेलही इथलंच. पुढं कलकत्त्याला गिरण्या निघाल्या आणि इथल्या बसल्या. इथं ताग, जॅम आणि वर्तमानपत्रं या तीन धंद्यांची नावं एका दमात घेतात. त्यातल्या जॅमशी आपला केक जोडलेला आहे. कीलर घराण्याचा मार्मलेडचा व्यवसाय इथं १७९७ चा. स्पेनमधल्या सेव्हिलची कडू संत्री हिवाळ्यात यायची, त्यांच्या सालींचा मार्मलेड व्हायचा, आणि याच कीलरांनी एकोणिसाव्या शतकात डंडी केक बाजारात आणला. आत सुलताना बेदाणा आणि संत्र्याची साल, आणि वर सोललेले बदाम एकात एक गोल मांडलेले.

चहाच्या दुकानात तो समोर आला तेव्हा आधी मला ठिपक्यांची रांगोळीच दिसली. मग आतला सुलताना मी बोटांनी वेगळा काढून दिव्याकडं धरला. लांबट, बिनबियांचा, मधाच्या रंगाचा. आमच्या बागेतल्या थॉमसन सीडलेसला बाहेरच्या देशांत सुलतानाच म्हणतात. जात एकच. कुठल्या देशातून आला होता कोण जाणे, पण आमचाच होता. भाचा नुसता बघत राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. तो लहानपणी सुट्टीत आमच्या शेडवर येऊन खिसे भरायचा.

मला विचाराल तर चवीत डंडी केक सरस आहे. हलका, रवाळ, संत्र्याचा कडसरपणा जाणवणारा. रोजच्या चहाला मी तोच मागेन. पण या केकची वाट कुणी महिनाभर बघत नाही.

२९ डिसेंबर, अँस्ट्रदर

सकाळीच मोटारीनं फाइफच्या किनाऱ्यावर आलो. अँस्ट्रदर हे कोळ्यांचं जुनं गाव. धक्क्याला लागून दगडी घरं, समोर राखाडी समुद्र आणि त्यात मे बेटाची चपटी रेघ. विहीणबाई दारातच उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, बाह्या वर सारलेल्या. नमस्काराला त्यांनी नमस्कार केला, मुलीनं शिकवून ठेवलेला दिसला, आणि मग माझे दोन्ही हात धरून आत नेलं.

मी बेदाण्याच्या पिशव्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला. हिरवा बेदाणा दोन बोटांत दाबला, वास घेतला, चावला, आणि विचारलं, "हा हिरवा कसा राहिला?"

इतक्या नेमक्या प्रश्नाचं मला कोण अप्रूप! मग भाच्याला दुभाष्या करून मी सगळं सांगितलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाची गोडी भरली की घड काढायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सुटतो आणि पाणी लवकर उडतं. मग शेडमध्ये जाळ्यांवर थरांनी पसरायचे. वर सावली, चारी बाजूंनी वारा. ऊन लागू दिलं नाही तर रंग हिरवा राहतो. वर गंधकाची धुरी देतात. पंधरवड्यात माल झोडून खाली उतरवायचा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. आणि त्या पंधरवड्यात एक अवकाळी पाऊस आला की वर्ष गेलं. त्या म्हणाल्या, "आमच्या हेरिंगचंही असंच होतं. वडील सांगायचे, मासा आला तर वर्ष, नाही तर नाही."

मग म्हणाल्या, "चला, एक लहान बन तुमच्यासाठी करू. यातलाच."

हिरवा बेदाणा मात्र त्यांनी बाजूला ठेवला. तो डंडी केकसाठी. बनमध्ये काळाच हवा. आमचा काळा बेदाणा शरद जातीच्या काळ्या द्राक्षांचा. तो पाव किलो, दुकानातले करंट पाव किलो, मूठभर चिरलेले बदाम, सालीचा मुरंबा, तपकिरी साखर, मैदा, चिमूटभर सोडा, मसाले. मिरी त्यांनी खलबत्त्यात ताजी कुटली. दोन चमचे व्हिस्की, अंडं आणि दूध इतकंच की हातानं कालवताना सगळं जेमतेम एकमेकांना धरेल. "ओलं झालं की बिघडलं," त्या म्हणाल्या. लोणी घालून मळलेल्या मैद्याची पोळी लाटून त्यांनी भांडं आतून मढवलं, सारण भरलं, मुठीनं दाबदाबून कोपऱ्यांत बसवलं, वरून पोळीचंच झाकण लावून कडा मुडपल्या. करंजीला मुरड घालताना आपली बोटं जशी चालतात तशीच त्यांची चालली होती. मग एक लांब सळई घेऊन झाकणातून थेट तळापर्यंत सात-आठ भोकं पाडली, वाफ जायला. वर अंड्याचा हात, आणि मंद भट्टीत अडीच तास.

पूर्वी हे कवच पावाच्या कणकेचं असे, असं त्या म्हणाल्या. आतला ओलावा आत ठेवायचा आणि बाहेरची हवा बाहेर, एवढंच त्याचं काम.

घरभर मसाल्याचा वास भरला. अँस्ट्रदरच्या बंदरात मलबारची मिरी आणि सांगली जिल्ह्याचा बेदाणा एका भांड्यात शिजतोय, आणि मी त्या भट्टीसमोर स्टूल टाकून बसलेय. मला आईची फार आठवण आली.

३० डिसेंबर

दिवसभर पाऊस. विहीणबाईंनी क्लूटी डंपलिंग केलं. क्लूट म्हणजे कापड. उकळत्या पाण्यातून काढलेल्या फडक्यावर पीठ भुरभुरून त्यात फळांचं ओलं पीठ बांधायचं आणि ती पुरचुंडी तासन्‌तास उकळायची. फडकं सोडवलं की वर चकचकीत साल धरलेली असते आणि ती शेकोटीपुढं सुकवतात. जुन्या पद्धतीत यात बैलाची चरबी पडते. माझ्यासाठी त्यांनी न सांगता वनस्पतीची वापरली होती. पोरांसाठी आत नाणी दडवतात. भाच्याच्या लेकीला एक मिळालं आणि तिनं ते दिवसभर मुठीतून सोडलं नाही.

३१ डिसेंबर, हॉगमने

सकाळपासून साफसफाई. याला इथं रेडिंग म्हणतात. जुनी राख, जुना केर नव्या वर्षात न्यायचा नाही, म्हणून शेकोटीची राख बाहेर काढून चौथरा पुसला. उसनं आणलेलं परत करायचं, देणं असेल ते फेडायचं. विहीणबाईंनी शेजारचं एक भांडं परत पाठवलं, दूधवाल्याचे पैसे चुकते केले. मी ओट्याची फरशी घासायला घेतली तेव्हा त्या नको नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. दिवाळीच्या आधी हेच करत आलेय, हाताला दुसरं काही सुचेना.

दुपारी चहा पिताना त्यांनी वडिलांचं सांगितलं. लहानपणी नाताळच्या दिवशी वडील कामावर असत, तो सणच नव्हता. सगळी वाट या रात्रीची. आणि मग ‘फर्स्ट फुट’चं सांगितलं. बारानंतर ज्याचं पाऊल पहिल्यांदा उंबरठ्याच्या आत पडेल, त्यावर घराचं वर्ष. तो उंच आणि काळ्या केसांचा पुरुष असावा. पिवळ्या केसांचा नको, कारण जुन्या काळी तसा माणूस दारात आला तर तो लुटायला आलेला व्हायकिंग असायचा, अशी समजूत. बाई तर नकोच. त्यानं रिकाम्या हातानं यायचं नाही. कोळसा आणायचा, चूल पेटती राहावी म्हणून. मीठ, व्हिस्की आणि ब्लॅक बन, घरात खायला कमी पडू नये म्हणून.

म्हणजे बन करायचा तो येणाऱ्याला द्यायला किंवा जाताना न्यायला. स्वतःच्या ताटात वाढून घ्यायला नाही. एवढा जड, एवढा टिकाऊ का, ते मला तेव्हा कळलं.

भाचा म्हणाला, "मावशी, याला आपल्याकडं पायगुण म्हणतात ना?" मी हो म्हटलं आणि गप्प झाले. मी लग्न होऊन आले त्या वर्षी फाल्गुनात गारपीट झाली. घडांनी भरलेली बाग अर्ध्या तासात चिखलात गेली. ओसरीवर बसलेल्या एका थोरल्या माणसानं म्हटलं, "नव्या सुनेचा पायगुण." पुढची तीस वर्षं बाग पिकली, एका पिकाचा पायगुण कुणी माझा म्हटला नाही. बाईचं पाऊल अपशकुनी, हे इथंही आहे हे ऐकून मला वाईट वाटलं. चालीरीती मला आवडतात, ही एक आवडत नाही, आणि तसं मी भाच्याकरवी विहीणबाईंना सांगितलं. गारांचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. काही बोलल्या नाहीत.

रात्री बाराला पाच कमी असताना त्यांनी मागचं दार उघडलं, जुनं वर्ष जायला. घंटा झाल्या, बंदरातल्या बोटींनी भोंगे वाजवले, इतके खोल आवाज की काचा थरथरल्या. पुढचं दार उघडलं. भाचा पावणेबारालाच बाहेर जाऊन पावसात उभा होता. सहा फूट उंच, काळेभोर केस. कोळसा आणि बनचा डबा घेऊन तो आत आला. "लँग मे यर लम रीक," म्हणाला. तुमच्या धुराड्यातून सदा धूर निघत राहो. महिनाभर बंद असलेला डबा उघडला आणि तो वास खोलीभर झाला. बेकरीतल्या तुकड्याशी याची तुलना नाही. कवच मऊ पडलेलं, आतलं सगळं एकजीव, मिरीचा तिखटपणा आता मसाल्यात विरघळलेला. मग सगळ्यांनी हात धरून कवी रॉबर्ट बर्न्सचं ‘ऑल्ड लँग साइन’ हे गाणं म्हटलं. हात छातीवर आडवे घ्यायचे ते शेवटच्या कडव्याला, आधी नाही, हे मला विहीणबाईंनी दंडाला धरून शिकवलं.

लग्न झाल्यापासून भाचा या गल्लीचा ठरलेला फर्स्ट फुट आहे. अशा केसांचं माणूस इथं दुसरं नाही. एकेक घर त्याला ओढून नेत होतं.

१ जानेवारी

झोपायला तीन वाजले होते. सकाळी दहाला विहीणबाई खिडकीत उभ्या दिसल्या. गल्लीच्या टोकाच्या घरात एक आजी एकट्या राहतात, त्यांच्याकडं रात्री जायचं राहून गेलं होतं. भाचा गाढ झोपेत. मी म्हटलं, "उठवते त्याला."

विहीणबाई म्हणाल्या, "नको. तुम्ही जा."

मी म्हटलं, "बाई चालत नाही ना?" माझं इंग्रजी तेवढं पुरतं. त्यांनी माझ्या वेणीला हात लावला, म्हणाल्या, "काळे आहेत की." आणि कागदात गुंडाळलेला कोळसा, मिठाची पुडी आणि बनचे दोन जाड काप माझ्या हातांत दिले.

पाऊस थांबला होता. साडीवर कोट, पायात सूनबाईचे बूट. आजींनी दार उघडायला वेळ लावला. चालताना त्या चौकटीला धरत होत्या. माझ्याकडं पाहिलं, हातातल्या कोळशाकडं पाहिलं, आणि बाजूला सरून वाट दिली. मी उजवा पाय आधी टाकला, लग्नात माप ओलांडताना टाकला होता तसा. ते वाक्य म्हणायला गेले तर जिभेवर आलंच नाही. मग मराठीत म्हटलं, "चूल पेटती राहू द्या, आजी." त्यांनी कोळसा स्वतःच्या हातानं शेकोटीत ठेवला. ओला असावा, आधी नुसता धुमसला. आम्ही दोघी तो धरेपर्यंत बघत उभ्या राहिलो. मग त्यांनी बनचा एक काप ताटलीत काढला, अर्धा केला, आणि मोठा तुकडा मला दिला.

तासभर बसले. काय बोललो ते फारसं कुणालाच कळलं नसेल.

२ जानेवारी

इथं आजही सुट्टी. दुपारी एडिनबऱ्याला परत, उद्या विमान. माझा छोटा बन मेणकागदात आणि वरून चांदीच्या कागदात गुंडाळून विहीणबाईंनी पत्र्याच्या डब्यात ठेवला. विचारलं, "तुमचं नवं वर्ष कधी?" म्हटलं, पाडवा, मार्चमध्ये. त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. "अकरा तरी होतात. छान मुरेल." झाकणावर पेन्सिलीनं भाजल्याची तारीख लिहिली आणि पेन्सिल माझ्याकडं दिली. मी खाली ‘गुढीपाडवा’ लिहिलं. त्या अक्षरांकडं त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"आणि तो डबा घेऊन उंबरठा कोण ओलांडणार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मीच."

त्यांनी मान हलवली आणि डब्याला दोरी बांधायला घेतली. उरलेला हिरवा बेदाणा बरणीत भरून खिडकीशी ठेवलेला होता. पुढच्या आठवड्यात डंडी केक करणार आहेत.